आवंदाचा अ‍ॅव्हरेज

नळी काढली तरी टाकीच्या तोंडाशी पेट्रोल थरथरत होतं. एक बुडबुडा वर आला, फुटला आणि पातळी दाण्याएवढी खाली सरकली.

"हवा शे आत," आधारनाना वाकून म्हणाले. "आखो हालाव रे, स्वप्नील!"

पुतण्यानं स्वतःची नवीकोरी हायब्रिड गाडी दोन्ही हातांनी धरून पुन्हा डुलवायला सुरुवात केली. जळगावच्या त्या पंपावरचे दोन मोटारसायकलवालेही हौसेनं मदतीला आले. मागच्या सीटवर नानांची बायको द्रौपदाबाई आणि त्यांची धाकटी बहीण मंजुळाबाई पाळण्यात बसल्यासारख्या हलत होत्या.

"दाजी, गाडी शे का ताकना डेरा?" मंजुळाबाई खिडकीतून ओरडल्या. पंपावर हशा पिकला.

भाऊबंदांत कुणी गाडी घेतली की बाकीचे पेढे खायला जायचे, नाना टाकी भरायला. काठोकाठ भरायची, धुळ्याला जाऊन यायचं, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची आणि लिटरला किती किलोमीटर पडले ते काढायचं. गाडीत ते आणि चालवणारा, तिसरं कुणी नाही. एसीला सक्त बंदी. आधी रुपचंदची पेट्रोलची झाली, मग तिच्याहून सरस जितेंद्रची डिझेलची. झुलालच्या सीएनजीला काठ सापडेना, तर ती किलोवर मोजली. दर खेपेला नवी गाडी आधीच्या गाडीला मागे टाकायची आणि दर खेपेला नाना खूश होऊन म्हणायचे, पुढच्या साली अ‍ॅव्हरेज आणखी वाढेल, आपली गाडी तेव्हा घेऊ, थांबू.

थांबता थांबता मुलगा सुयश पुण्याला नोकरीला लागला, आणि द्रौपदाबाई एसटीच्या पायऱ्यांना भिऊ लागल्या. धुळ्याच्या बहिणीची भेट फोनवरच होऊ लागली.

"गाडीना अ‍ॅव्हरेज दरसाल वाढस," त्या काल भाकरी थापताना म्हणाल्या होत्या, "मन्हा गुडघास्ना घटस."

आज सकाळी नानांनी गाडीचं मागचं दार त्यांच्यासाठी उघडून धरलं होतं.

धुळ्याहून येताना मंजुळाबाई आल्या, त्यांच्याबरोबर बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे डबे आले, दादर ज्वारीचं पोतं आलं. उकडतंय म्हणताच एसी लावायला नानांनीच सांगितलं. पारोळ्याला चहाला थांबले तेव्हाही त्यांनी गाडी बंद करू दिली नाही. आत थंड राहू दे, म्हणाले. स्वप्नील त्यांच्याकडे बघतच राहिला होता.

आता पातळी काठाला टेकली आणि तिथंच राहिली. नानांनी मशीनवरचे लिटर पाहिले, गाडीतले किलोमीटर पाहिले आणि मोबाइलवर भागाकार केला. द्रौपदाबाईंनी बहिणीचा हात धरला. आकडा वाढला असेल, तर आणखी एक वर्ष.

"वाढना नई," नाना म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "आवंदा वाढना नई! झुलालनी गाडीपेक्षा कमी उना."

"नाना, कसा वाढेल?" स्वप्नील घाम पुसत म्हणाला. "एसी चालू, मागे पोतं, त्यात मावशी..."

"तू गप रे."

"मन्हा वजनवर नका जाऊ हां!" मंजुळाबाई म्हणाल्या.

नानांनी टाकीचं झाकण आपल्या हातानं फिरवून घट्ट केलं. मोबाइल खिशात टाकला. खिडकीशी आले, आणि मोटारसायकलवाल्यांसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"म्हंजे आते थांबाले काही अर्थ नई. गाडी लेवानी. सुयशनी माय, तुले रंग कोनता पाहिजे?"