फळ्यांमागचं स्टूल

"तो गादीकामाचा मुकादम माणसांकडं पाठ करून बसतो, तरी त्याची माणसं कामं करतात. कुठंतरी पाणी मुरतंय," घारोबा बायकोला म्हणाला.

"मग तुम्हीही बसा की पाठ करून."

"हो, आणि खुर्चीला तीनच पाय लागले म्हणजे?"

खुर्च्यांच्या कारखान्यात तो सुतारांवरचा मुकादम. नजर हटली की माणूस लबाडी करतो, ही त्याची पक्की समजूत. सुतार पाणी प्यायला उठला, तरी ह्याचे डोळे त्याच्या मागनं जायचे. म्हणून तर नाव पडलं घारोबा.

शेजारच्या हॉलमध्ये गादीकाम. तिथले मुकादम मामा. ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, हातात कुणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ. मागं माणसं खिदळायची, आणि दुपारीच गाद्यांचा ढीग तयार, सुतारांकडच्या लाकडी सांगाड्यांची वाट बघत. मामा सांगाडे मागायला आले की घारोबा म्हणायचा, "चोरांकडून काम करून घेतोय मामा, वेळ लागणारच." पण जाता-येता तो ढीग मोजून बघायचा.

त्यात मालकीणबाईंनी सांगितलं, महिनाअखेरीला दोन्ही हॉलवर एकच मोठा मुकादम नेमणार. ज्याचं काम सरस, तो.

घारोबाची झोप उडाली. मामांची युक्ती पकडायचीच, म्हणून तो दोन हॉलच्या मधल्या बोळात गेला आणि रचलेल्या फळ्यांमागं उभ्यानंच फटीतनं बघू लागला. युक्ती दिसेना, पाय मात्र भरून आले. दुसऱ्या दिवशी तिथं कुणीतरी स्टूल विसरलं होतं. बरंच झालं. पुढं त्या स्टुलावर गादीही आली. आणखी बरं. मग घारोबा सकाळी टेकला की जेवणाच्या सुट्टीलाच उठायचा.

आपल्या हॉलमध्ये परतावं, तर सांगाड्यांची ही रांग. सुतार शीळ घालत असायचे, ह्याला बघून गप्प.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "मी नसलो तरी माझा धाक तिथं बसलेला असतो."

"मग पगार धाकालाच द्या म्हणावं," ती म्हणाली.

महिना संपला. मालकीणबाई दोन्ही हॉल फिरल्या, एक खुर्ची हलवून बघितली, बसून बघितली.

"सुतारकाम इतकं नेटकं आणि वेळेत कधी झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मोठे मुकादम तुम्हीच."

घारोबा छाती फुगवून तडक मामांकडं गेला, जखमेवर मीठ चोळायला.

"काय मामा, राहिलात की मागं. शेवटी माणसांवर नजर लागतेच."

मामांनी घड्याळाचं झाकण बसवलं आणि खुर्ची वळवली.

"स्टूल डगमगत नव्हतं ना रे?" ते म्हणाले. "गादी मी स्वतः शिवली होती. आता मोठा मुकादम झालास म्हणून ती जागा सोडू नकोस हां."