दोन ताटं

"इथं जेवायला कुठं कुठं मिळतं?" तिनं पंक्चरवाल्याला विचारलं.

त्यानं चिंधीनं हात पुसत तिच्याकडे पाहिलं. उन्हानं उतरलेला चेहरा, खांद्यावर पर्स, कोरडे पडलेले ओठ. त्याला वाटलं, बाई भुकेली आहे.

"एकट्याच आहात ना? मग स्टँडसमोरचं कँटीन बरं."

"एक नको. सगळी सांगा. मला जेवायचं नाहीये. माझे वडील हरवलेत."

अण्णा सकाळीच घरातून निघून गेले होते. अलीकडे त्यांना माणसं ओळखू येत नसत, पण पाय अजून धड होते, तीच पंचाईत होती. कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून निदान गाव तरी कळलं. तो म्हणाला, शेवटच्या स्टॉपला उतरले आणि उतरताना मलाच विचारलं, इथं जेवण चांगलं कुठं मिळतं? तिच्या हाती एवढाच धागा होता. शिवायला आलेल्या गणवेशांचा ढीग तसाच टाकून ती पुढच्या बसनं आली होती.

पंक्चरवाल्यानं बोटानं हवेत रस्ते काढून दाखवले. आधी कँटीन. मग धान्यबाजारातली हमालांची खाणावळ, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानांमागचा ढाबा, आणि शेवटी दवाखान्यासमोरची मेस. "बास, एवढंच," तो म्हणाला. "इथली माणसं घरीच जेवतात. बाहेर जेवतात ते परगावचे."

कँटीनवाल्याला अण्णा लगेच आठवले. "आले होते की. दोन ताटं सांगितली. म्हणाले, मुलगी येतेय. मी वाढायला घेतलं, तर उठून चालायला लागले. म्हणे, पंखा नाही इथं, तिला उकाडा सोसत नाही."

ती बाहेर आली तोच फोन वाजला. दादा होता. तो लांब नोकरीला. अण्णांची काळजी तो फोनवरूनच करायचा.

"सापडले का?"

"अजून नाही."

"दाराला कडी घालून ठेवत जा म्हणून कितीदा सांगितलं तुला."

तिनं फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

धान्यबाजारात सौदे आटोपले होते. हमाल पोत्यांना टेकून डुलक्या काढत होते. खाणावळवाली मावशी नळाखाली पातेली घासत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि साबणाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "दोन ताटंवाले आजोबा ना? ते बघ, त्या बाकावर बसले होते. जरा वेळानं इकडेतिकडे बघून मला म्हणतात, इथं सगळे पुरुषच दिसतात, माझी पोर अवघडेल. मी म्हटलं, तुम्ही तरी दोन घास खाऊन घ्या. तर म्हणे, ती आल्याशिवाय नाही." मावशीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "तू तरी खाल्लंस का काही?"

ती पाणी प्यायली आणि निघाली. रस्ता सरळ होता, पण संपत नव्हता. बियाण्यांची दुकानं, खतांची दुकानं, पंपांची दुकानं, मग पुन्हा बियाण्यांची. मालट्रक धूळ उडवत जात होते. चपलेचा अंगठा सैल झाला होता. ती पाय घासत चालत राहिली.

ढाब्यावर तर अण्णा टेकलेही नव्हते. "दारातच थांबले," गल्ल्यावरचा माणूस म्हणाला. "आत मिरचीची फोडणी बसली होती. नाकाला रुमाल लावून म्हणाले, नको बाबा, माझ्या मुलीला ठसका लागतो."

ठसका तिला लहानपणी लागायचा. पुढं कधीतरी आपोआप गेला. अण्णांना आता तिचं नाव आठवत नव्हतं. ठसका आठवत होता.

ती दवाखान्यासमोरच्या मेसपाशी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. आत अण्णा होते. पंख्याखालचं, खिडकीजवळचं, दारातून दिसेल असं टेबल त्यांनी धरलं होतं. समोर दोन ताटं वाढलेली. भात वरून वाळला होता, भाजी गार होऊन आळली होती. एकाही ताटाला हात लागलेला नव्हता. समोरच्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली होती.

ती कशीबशी टेबलापर्यंत गेली आणि तिनं खुर्ची ओढली.

"ताई, तिथं नका बसू," अण्णा अदबीनं म्हणाले. "माझी मुलगी येतेय."

त्यांच्या डोळ्यांत ओळखीची खूणही नव्हती. ते तिला नवीन नव्हतं.

"ती येईपर्यंत टेकू का जरा? पाय फार दुखतायत."

अण्णांनी विचार केला. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा. दमलेल्या दिसताय. नाहीतरी तिला वेळ लागतो यायला."

ती बसली.

"तिला ठाऊक आहे, तुम्ही इथं आहात ते?" तिनं विचारलं.

"शोधत येईल ती. फार जीव आहे तिचा माझ्यावर."

"मग घरीच का नाही जेवलात तिच्याबरोबर? एवढ्या लांब कशाला यायचं?" आवाजातला राग तिला आवरता आला नाही.

अण्णांना राग कळला नाही. ते दाराकडे बघत होते.

"घरी ताट वाढून देते. म्हणते, तुम्ही सुरू करा, मी आलेच. ताट संपतं, तरी येत नाही." त्यांनी समोरचं ताट किंचित सरळ केलं. "म्हणून म्हटलं, एकदा बाहेर बोलवून बघू."