जादाची पानं

"बाबा, एकशे बारा टॅब! मग लॅपटॉप रखडणार नाही तर काय?" वृंदा हसली.

"एकही बंद करू नकोस. सगळं वाचायचंय मला," बाबांनी तिसऱ्यांदा बजावलं. तलाठी असताना अख्ख्या गावाचे सातबारे तोंडपाठ असणारा हा माणूस हल्ली एवढ्याशा गोष्टीवरून कासावीस व्हायचा.

"नाही करत हो. हे एक्स्टेंशन नुसतं एकाहून जास्त वेळा उघडलेली पानं शोधतं. जादाची तेवढी काढू."

तिने बटण दाबलं. यादी आली. पंचांग दोनदा, हवामानाचा अंदाज तीनदा आणि एक लेख चक्क सदतीस वेळा. त्याचा मथळा तिने पुन्हा एकदा वाचला : 'स्मृतिभ्रंशाची सुरुवात कशी ओळखावी?'

"बाबा..." तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हा लेख वाचलात तुम्ही?"

बाबांनी चष्मा सारखा केला. मथळ्यावरून बोट फिरवत शब्दन् शब्द वाचला.

"नाही गं. कुठे मिळाला तुला?" त्यांचा चेहरा उजळला. "कामाचा दिसतोय. उघडा ठेव, उद्या निवांत वाचतो."