मनगटावरची जागा

"डाग नाही तो. बोटाचा ठसा आहे," कान्होजी म्हणाले. "माझ्या बायकोच्या."

मुरार भागातल्या दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांपुढे हात धरला. त्यांच्या उजव्या मनगटावर जांभळट काळा, गोल डाग होता. प्राण जाताना सुनंदाने तिथेच घट्ट धरलं होतं. तेव्हापासून दर महिन्याला तिच्या तिथीला, दिवस कलता, ती जागा चरचरायची, लाल व्हायची, मग काळी पडायची. महिनाभरात फिकट व्हायची. पुढच्या तिथीला पुन्हा तिथेच.

"पाच महिने हेच चाललंय, डॉक्टर. मैं तो थक गई," त्यांची मुलगी गरिमा म्हणाली. माधवगंजातून तिने त्यांना जवळजवळ ओढतच आणलं होतं.

डॉक्टर अवंतिका हसल्या नाहीत. "काका, तिथीला काय काय करता? सकाळपासून सांगा."

"तिचं पान वाढतो. ते गाईला घालेपर्यंत आपण खात नाही. उपाशी डोकं ठणकतं. मग तिच्या डबीतली एक गोळी घेतो. तिच्या गुडघ्याची."

"एरवी घेता?"

"एरवी कशाला?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ही त्या गोळीची ॲलर्जी आहे. काही औषधं सोसली नाहीत, की दर वेळी त्याच जागी डाग उठतो. गोळी बंद, डाग बंद. पण पुन्हा घेतलीत तर नव्या जागीही उठेल. ओठांवर, तोंडातही. हा खेळ नाही, काका."

"पण तिने धरलं होतं तिथेच का?"

"ते मला नाही सांगता येणार."

घरी येताच गरिमाने डबी कचऱ्यात रिकामी केली. पुढच्या तिथीला कान्होजींनी पान वाढलं, डोकं दुखलं ते सोसलं. संध्याकाळ झाली. मनगट तसंच राहिलं. घर पहिल्यांदाच रिकामं वाटलं.

त्याच्या पुढच्या तिथीला गरिमा कामावर गेल्यावर ते टोपी बाजाराच्या कोपऱ्यावरून तीच गोळी घेऊन आले. पान वाढलं. समोर बसले. डोकं दुखत नव्हतं. गोळी गिळली.

दिवस कलला. उजवं मनगट चरचरलं. थोड्या वेळाने डावंही.

कान्होजींनी दोन्ही हात पानाकडे पुढे केले.

"हळू गं," ते म्हणाले. "आज दोन्ही धरलेस."