सर येईपर्यंत

"सर दुसऱ्या कोर्टात अडकलेत. ते येईपर्यंत पासओव्हर मिळावा, केस जरा मागे ठेवावी," सुयश म्हणाला.

वकिलीची सनद मिळून वर्ष लोटलं, पण जयप्रकाश सरांचा ज्युनिअर म्हणून त्याने एवढं एकच वाक्य कमावलं होतं. ते मात्र असं घोटलेलं, की झोपेत चिमटा काढला तरी तेच निघालं असतं.

समोरून विरुद्ध पक्षाची ज्युनिअर श्रुती उठली. "आमच्या मॅडमही दुसऱ्या कोर्टात आहेत."

आता बेलापूरच्या कोर्टात जयप्रकाश सर आणि चारुलता मॅडम म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. दोघं भांडायला लागले की बाहेरच्या झाडावरचे कावळे गप्प बसून ऐकायचे. त्यांच्या ज्युनिअरांना एकमेकांशी बोलायचीसुद्धा चोरी.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "पासओव्हर नाही. सनद तुमच्याकडेही आहे ना? बोला."

सुयशने फाइल उघडली. खारघरला त्याच्या अशिलाचं, वेणूबाईंचं, पोह्यांचं दुकान होतं. उद्या मालक त्याला कुलूप ठोकणार होता. आज मनाई हुकूम मिळाला नाही तर बाईंचं दुकान गेलं, आणि याची वकिलीही. सरांचा फोन बंद.

मागून वेणूबाई कुजबुजल्या, "आरं लेकरा, त्यो यील तवा यील. तू तोंड उघड की!"

त्याने उघडलं. आधी नुसतं ततपप. मग करार आठवला, मालकाने न दिलेली नोटीस आठवली, आणि गडी असा सुटला की टायपिस्टचा चहा गार झाला. श्रुतीही काही कमी नव्हती. तिने मुद्द्याला मुद्दा भिडवला.

"मनाई हुकूम मंजूर," न्यायाधीश शेवटी म्हणाले. "दोघंही छान बोललात. सिनिअरना सांगा, असेच उशिरा येत जा."

वेणूबाईंनी कोर्टाच्या दारातच सुयशच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली आणि पोहे भिजवायला पळाल्या. श्रुती मात्र भिंतीला टेकून उभी.

"मॅडम मला कच्चं खाणार."

"आणि मला सर. न विचारता बोललो ना! चहा घेतेस?"

"शत्रुपक्षाचा?"

"साखर जास्त घालायला सांगतो."

दोघांचे चहा अर्धे झाले, तोच फाटकाशी रिक्षा करकचून थांबली. जयप्रकाश सर उतरले. पाठोपाठ, त्यांच्याच हाताला धरून, चारुलता मॅडम.

सुयश चाचरला. "सर, तुम्हाला न विचारता मी आज..."

"ते नंतर ऐकू," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "विवाह नोंदणीला तीन साक्षीदार लागतात, आणि आमच्याकडे हा रिक्षावाला एकटाच आहे. बसा पटकन, दोघं!"