किल्ली वर दिसलीच पाहिजे

"या घरातून माझ्या परवानगीबिगर हवासुदिक बाहेर जानार न्हाई!" मोहनरावांनी जाहीर केलं आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ दुसरी. तिसरी होईपर्यंत त्यांना थांबावंच लागलं. शिट्टीशी भांडायचं तर पोटात तेवढी वाफ पाहिजे.

समोर टेबलावर घरातले फोन ओळीनं मांडले होते. मोहनरावांचा तेवढा खुर्चीमागं चार्जरला होता. तो दुपारपर्यंत टिकत नसे.

जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती. तिकीट आठवड्यात ठरायचं होतं. आणि फेसबुकवर कुणीतरी 'कोरडी तोटी' नावाचं पान चालवत होतं. रोज एक व्हिडिओ. एक हात पुढं यायचा, गावातला एखादा नळ सोडायचा, आणि नळातून नुसती फुस्स हवा निघायची. चेहरा नाही, बोलणं नाही. खाली तारीख आणि आज टँकर कोणत्या आळीला, एवढंच. गावची टाकी मोहनरावांनी बांधली होती. तिच्यावरचं त्यांचं नाव धारूरच्या घाटातून वाचता यायचं. टाकीत पाणी सोडून सगळं होतं.

शत्रू घरातलाच, हे त्यांनी ताडलं होतं. टँकर कोणत्या आळीला पाठवायचा हे संध्याकाळी याच बैठकीत ठरायचं, आणि सकाळी ते 'कोरडी तोटी'वर झळकायचं. घरात मोबाईलला रेंज नव्हती. जे काय चालायचं ते वायफायवर. म्हणून मोबाईल दुकानवाल्या प्रविणला बोलावून त्यांनी वायफायवरचं फेसबुकच बंद करून घेतलं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पाच मिनिटं आधीच आला.

"व्हीपीएन असनार, आण्णा," प्रविण म्हणाला. "ते ॲप आतल्या आत चालू ठेवलं की कोन काय करतंय ते वायफायला कळतच न्हाई. ज्याच्या फोनात वर किल्लीचं चिन्ह, तो आपला मानूस."

"किल्ली तर माझ्याबी फोनात हाय की बे!"

"तुमची येगळी गोष्ट. विरोधकांनी फोन ऐकू नयेत म्हनून तुमीच टाकायला लावलती."

तपासणी सुरू झाली. मुलाच्या, विजयसिंहाच्या, फोनात किल्ली नव्हती; स्वतःचेच नऊशे फोटो होते. ड्रायव्हर भागवतचा फोन बटणांचा निघाला. तरी तो उलटा करून पाहिला. मग सुनेचा फोन उचलताना मोहनराव जरा ताठ बसले. आरोही इंजिनिअर होती, म्हणजे संशय तयारच होता.

"सूनबाई, खरं सांग."

"बघा ना, मामंजी. काहीच नाही."

खरंच काही नव्हतं. मोहनरावांचा चेहरा पडला. शत्रू सापडत नाही यापेक्षा आपला अंदाज चुकला, याचं दुःख मोठं होतं.

"काकूंचा ऱ्हायला," प्रविण हळूच म्हणाला. म्हणाला तो चहाच्या कपाला.

"छबूचा? तिला काय कळतंय? उचलायचं हिरवं अन् ठेवायचं लाल!"

छबुबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. फोन त्यांनी टेबलावर, ओळीच्या शेवटी, नीट सरळ ठेवला. वरच्या कडेला किल्ली होती.

मोहनराव टेबलावर वाकले.

"ही कुनी टाकली?" मोहनरावांनी विचारलं.

"तुमीच. गेल्या पोळ्याला, ह्या प्रविणकडून. म्हनले, माझं बोलनं तुझ्या फोनातून फुटायला नको. किल्ली वर दिसलीच पाहिजे, रातंदिस. बंद झाली तर याद राख." छबुबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "म्या केली का कधी बंद?"

मोहनरावांना ते सगळं आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

"मग फोन कुनी वापरला तुझा?" त्यांची नजर पुन्हा सुनेकडं वळली.

"तिच्याकडं का म्हून बघता? तिनं व्हिडिओ टाकायला शिकवलं, एकदाच. नळ सोडाया मला कुनी शिकवाया लागत न्हाई."

मोहनराव उभे राहिले. तिकीट, टाकी, टाकीवरचं नाव, सगळं त्यांच्याबरोबर उभं राहिलं.

"बंद कर ती किल्ली. आत्ताच्या आत्ता!"

"पानी आलं की करते."

या वेळी कुकर मध्ये पडला नाही. विजयसिंह बंद पंख्याकडं बघत बसला. छबुबाईंनी फोन उचलला आणि दुसरा हात नवऱ्यापुढं केला. मनगटावर तव्याचा जुना डाग होता, चंद्रकोरीसारखा. हा डाग मोहनरावांनी एक्केचाळीस व्हिडिओंत पाहिला होता. थांबवून पाहिला होता, मोठा करून पाहिला होता, हात कुणाचा म्हणून तीन गावांत माणसं पाठवली होती. आपल्या गावानं तो पहिल्याच दिवशी ओळखला होता. छत्तीस वर्षं तो हात त्यांच्या ताटात भाकरी वाढत होता.

हात तसाच पुढं होता.

"ते चार्जर तेवढं द्या," छबुबाई म्हणाल्या. "किल्ली लई ब्याटरी खाती, अन् खालच्या आळीची तोटी अजून ऱ्हायलीय."