उजव्या कोपऱ्यातला डाग

डाग पुन्हा तिथेच होता.

मास्तरांनी फोटो मोठा करून पाहिला. जर्बेराच्या पाकळीची एकेक शीर मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आली होती. मागचं पांढरंही छान उतरलं होतं. फक्त वर, उजव्या कोपऱ्यात, मोहरीएवढा करडा ठिपका. कालच्या फोटोत होता, परवाच्याही.

गल्लीत त्यांना सगळे फोटोमास्तर म्हणत. माणसांचे फोटो काढणं त्यांनी कधीच सोडलं होतं. माणसं हलतात आणि वर नावं ठेवतात. फुलं बिचारी दोन्ही करत नाहीत. एका बियाणं कंपनीसाठी ते फुलांचे जवळून फोटो काढत. दुधी काचेमागे दिवा, पुढे फूल. मागचं इतकं उजळायचं की नुसतं पांढरं उरावं, पण पाकळीची कड त्यात विरघळू द्यायची नाही. मग संगणकावर बसून उरलेसुरले दोष काढायचे. काम करताना मास्तर पांढराच शर्ट घालत, कारण रंगीत कापडाची झाक पाकळीवर पडते. पुढे पुढे बाहेर जातानाही तोच अंगावर राहू लागला.

त्यांनी भिंग पुसलं. दुधी काच बदलली. डाग हलला नाही. आता राहिलं कॅमेऱ्याचं पोट. तिथे धुळीचा कण चिकटून बसू शकतो, पण उघडून पुसायचं म्हणजे नाजूक काम. एक ओरखडा आणि कॅमेरा कामातून गेला. म्हणून त्याआधी त्यांनी बायकोला हाक मारली.

या धंद्यातलं खरं भांडवल म्हणजे तिची नजर. पाकळीवर पडलेला परागकण तिला दारातून दिसे आणि ती चिमट्याने अलगद उचलून टाकी. तिच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही आणि मास्तरांची चूक तर नाहीच नाही.

"अगं, इथे वर कोपऱ्यात काही दिसतंय का?"

ती पडद्याशी वाकली. जरा वेळ पाहत राहिली.

"नाही हो. दुधासारखं पांढरं आहे. का?"

"काही नाही, सहज."

मास्तर पुन्हा पडद्याकडे वळले. डाग फोटोत नव्हता, म्हणजे डोळ्यात होता. त्यांच्या वडिलांची नजर याच वयात गेली होती. आधी कोपऱ्यात एक ठिपका, मग हळूहळू सगळंच. शेवटी शेवटी त्यांना ताटावर बसवून घास कुठे आहे ते सांगावं लागे.

त्या दिवसापासून डाग मास्तरांच्या मागेच लागला. भिंतीवर दिसे, छतावर दिसे, चहाच्या कपात दिसे. लख्ख पडद्याकडे फार वेळ पाहिलं की कुणालाही भिंतीवर ठिपके दिसतात, हे मास्तरच इतरांना सांगत आले होते. पण भ्यालेल्या माणसाला आपलंच सांगणं कुठलं आठवायला! कंपनीचा माणूस फोटोंसाठी फोन करत होता आणि ते आज देतो, उद्या देतो म्हणत होते. जो डाग नाहीच, तो पुसायला जावं तर तिथे काय उमटेल, याचीच त्यांना धास्ती.

बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही, पण तिने ओळखलं असावं असं त्यांना वाटू लागलं. हल्ली बोळातला दिवा ती भरदिवसाही चालू ठेवी. जिना उतरताना त्यांचा दंड घट्ट धरी. एकदा तर तिने चिमटा त्यांच्याच हातात दिला. "तुम्हीच काढा ते परागकण. तुमचा हात हलका आहे," म्हणाली. जन्मभर ज्या हाताला तिने हातोडा म्हटलं, तो एकाएकी हलका झाला होता. आपल्याला उमेद यावी म्हणून ही किती जपते आहे, या विचाराने मास्तरांना भरून आलं.

अखेर त्यांना राहवेना. एका दुपारी फुलं तशीच टाकून त्यांनी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचं, डागाचं, वडिलांचं.

ती ऐकत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुमचेही डोळे गेले तर आपलं कसं व्हायचं हो?" ती म्हणाली.

सासऱ्यांचं सगळं तिनेच केलं होतं. तेच तिला आठवलं असणार. मास्तर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. तिला बाहेरच्या बाकावर बसवून मास्तर आत गेले. डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली, यंत्रावर हनुवटी टेकायला लावली, दोन्ही डोळ्यांत प्रकाश टाकून बराच वेळ पाहिलं.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांचा विश्वास बसेना. त्यांनी पिशवीतून जर्बेराचा छापलेला फोटो काढला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"मग इथे मला डाग का दिसतो?"

डॉक्टरांनी फोटो दिव्याखाली धरला. "हा करडा ठिपका ना? मलाही दिसतोय की. फोटोतच आहे तो."

मास्तर खुर्चीत मागे टेकले आणि हसत सुटले. म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातला धुळीचा कण. एवढ्याशा कणासाठी इतके दिवस जीव टांगणीला लागला होता. फोटो तिथेच टाकून ते उठले. कधी एकदा तिला सांगतो असं त्यांना झालं होतं.

त्यांनी दार उघडलं. त्याच वेळी शेजारच्या खोलीतून एक पांढऱ्या शर्टातला माणूस बाहेर पडला. तरणाबांड, मास्तरांहून हातभर उंच. पावलं वाजताच बायको बाकावरून उठली, भिंत चाचपत पुढे आली आणि तिने त्या माणसाचा दंड घट्ट धरला.

"घाबरू नका हो," ती त्याला म्हणाली, "मी आहे ना."